बोरिवली फास्टमधलं ब्लूटूथ

मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत खास नाव आहे: ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभे प्रवासी. सकाळच्या बोरिवली-चर्चगेट फास्टला अंधेरी येईपर्यंत ही व्याख्या कुणाला वाचून दाखवायची गरज उरत नाही, ती बरगड्यांना कळते. आता या डब्यातल्या माणसांचे कान बघा. ज्याच्या-त्याच्या कानात बड्स. खिशात फोन, मनगटावर घड्याळ. सगळ्यांचं बिनतारी बोलणं 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चाललेलं, म्हणजे तिथेही क्रश लोडच. तरीसुद्धा खेटून उभ्या असलेल्या माणसाचं कीर्तन आपल्या कानात येत नाही आणि आपली वेब सिरीज त्याच्या कानात जात नाही. हे जमतं कसं?

1994च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीच्या याप हार्टसन आणि स्वेन मॅटिसन यांनी या बिनतारी बोलण्याचं, म्हणजे ब्लूटूथचं काम हाती घेतलं. 1998 साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी त्यासाठी संघ स्थापन केला. युक्ती सोपी आहे. पट्ट्याचे 79 बारीक मार्ग पाडायचे आणि सेकंदाला 1600 वेळा मार्ग बदलायचा. दोन दोस्तांनी आपसांत क्रम ठरवून दर स्टेशनला डबा बदलावा, तसं. क्रम त्या दोघांनाच ठाऊक, त्यामुळे तिसऱ्याशी टक्कर झालीच तर क्षणभराची. असा लपंडाव पाणतीराच्या संदेशांसाठी वापरता येईल, हे अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी ओळखलं होतं. त्यांना 1942 साली पेटंटही मिळालं. 2003च्या आवृत्तीत ब्लूटूथ आणखी शहाणं झालं आणि वायफायने अडवलेले मार्ग आपणहून टाळू लागलं. भारत सरकारने जानेवारी 2005मध्ये हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. म्हणून आज बड्स विकत घेताना कुणी लायसन्स विचारत नाही.

तरी गाणं मधूनच तुटतं. दोष बहुतेक वेळा बड्सचा नसतो, आपल्या देहाचा असतो. माणसाच्या अंगात पाणी फार आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. फोन मागच्या खिशात, मध्ये स्वतःचं अंग आणि भोवती चौदा जणांचं. घरात भिंतींवरून परावर्तन होऊन लहर वळसा घालून तरी पोहोचते, उघड्या फलाटावर तीही सोय नाही. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला की तक्रार बरीचशी मिटते. खिसेकापूंचा विचार केला, तरी सल्ला वाईट नाही.

बड्सच्या आधीचा काळ आठवणारे अजून याच डब्यात आहेत. नोकिया 6600 हातात आला, तेव्हा ‘ब्लूटूथवर पाठव ना’ हे वाक्य डब्याडब्यात ऐकू येई. चार एमबीचं गाणं जायला मिनिटभर लागे. म्हणजे अंधेरी ते पार्ले एवढ्यात दोन-तीन गाणी खिशात. मोबाइल डेटा महाग असताना विरारपासून चर्चगेटपर्यंतची ही फुकट वितरण व्यवस्था होती. संगीत कंपन्यांना ती चोरी वाटे आणि कायद्याने तो कॉपीराइटचा भंग होताही. 2004 साली ‘कॅबिर’ नावाचा किडा ब्लूटूथवरून फोनाफोनांत पसरू लागला. तो सापडलेल्या देशांत भारतही होता. तेव्हापासून अनोळखी नावाची विनंती आली की ‘नो’ दाबायची सवय लागली, ती चांगलीच.

आता देवाणघेवाण संपली, उरले कान. बड्सच्या धंद्यावर मोठी झालेली ‘बोट’ ही कंपनी अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवरची. बोरिवलीच्या इंद्रप्रस्थमध्ये किंवा इर्ल्याच्या अल्फामध्ये शिरा, काचेखाली डब्याच डब्या. फलाटावर चढता-उतरताना धक्का बसतो आणि एक बड रुळांत जातो. टोकियोत 2020च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत 78 स्थानकांवर असे 950 बड रुळांत पडले होते. ते उचलायला तिथल्या रेल्वेने खास व्हॅक्यूम यंत्र बनवून घेतलं. आपल्याकडे तसं यंत्र नाही आणि स्वतः रुळात उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147खाली गुन्हा आहे. बड गेला तर गेला म्हणावं.

मोबाइल स्पीकरवर लावून अख्ख्या डब्याला रील ऐकवणाऱ्यांपेक्षा बड्सवाले शंभर पटींनी बरे, असं माझं मत आहे. पण दाराशी उभं राहिलं की गाडीचा खडखडाटच एवढा, की त्यावर मात करायला आवाज वाढवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास, ही मोठ्या माणसाची मर्यादा. आवाज त्याहून वाढला की तास झपाट्याने घटतात.

आणि ज्यांचं ऐकणं आधीच कमी झालंय, त्यांच्यासाठी हेच ब्लूटूथ कामाचं आहे. जुन्या ब्लूटूथमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो. सोसायटीच्या हॉलमध्ये ब्लूटूथ माइकवर कराओके म्हणणाऱ्याला विचारा. स्वतःचाच सूर मागून येतो आणि सम चुकते. नाटकात तर नटाचे ओठ आणि शब्द यांची फारकतच होईल. ‘एलई ऑडिओ’ या नव्या मानकात हा उशीर कमी करता येतो. 2022 साली त्याच्याच जोडीने ‘ऑराकास्ट’ आलं. एका प्रक्षेपकावरून सभागृहातल्या कितीही श्रवणयंत्रांना किंवा बड्सना थेट आवाज जातो, पेअरिंगची भानगड नाही. मंचावरच्या माइकमधला संवाद, मधल्या खोकल्यांशिवाय आणि वेफर्सच्या पुड्यांशिवाय, सरळ कानात. ही सोय असलेली श्रवणयंत्रं बाजारात येऊ लागली आहेत.

श्रवणदोषांवर काम करणारी, 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था उपनगरातच, वांद्रे रेक्लमेशनला आहे, म्हणजे सल्ला विचारायलाही लांब जायला नको. पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचं कालिदास ही तिन्ही नाट्यगृहं महापालिकेची. रविवारी दुपारच्या प्रयोगाला तिथे पांढऱ्या केसांच्या रांगाच्या रांगा बसलेल्या दिसतात. विनोदावर सगळे हसले की शेजारच्याला ‘काय म्हणाला?’ विचारणारे त्यात कमी नसतात. नाट्यगृहाची पुढची दुरुस्ती निघेल, तेव्हा खुर्च्यांच्या आणि एसीच्या खर्चात एका ऑराकास्ट प्रक्षेपकाची भर पालिकेने घालावी. आणि प्रेक्षकांनी तिकीटखिडकीवर विचारत राहावं की ही सोय कधी येणार.