खोंड आणि पोर



घरच्या गाईचा खोंड आपण लगेच औताला जुंपतो का? नाही. तो दोन दाती होऊ देतो. खांदा भरू देतो. मग हळूहळू जुवाची सवय लावतो. घाई केली तर बैल जन्माचा अधू होतो. हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण पोराच्या बाबतीत आपण तेच विसरतो.

मी नवा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात अकरा वर्षांचा एक काटक मुलगा होता. बापाला कुस्तीचा भारी नाद. पोराला पहाटे चारला उठवायचा. जोर, बैठका, पळणे. संध्याकाळी पुन्हा तालीम. सुट्टी कधी नाही. पोर म्हणे, गुडघा दुखतो. बाप म्हणे, "पैलवानानं दुखणं सांगायचं नसतं!" मीही पोराला शाबासकी देत होतो. शाळेला तालुक्याची ढाल हवी होती ना!

पोर वर्गात पेंगू लागले. त्याचे जेवण तुटले. जत्रेत मूठभर रेवड्यांची कुस्ती होती. ती तो हरला. बापाने चारचौघांत त्याच्या कानफटात मारली. त्या दिवसापासून त्याने तालमीची पायरी चढली नाही. आज तो पन्नाशीचा आहे. जत्रेला येतो, पण कुस्त्या लागल्या की उठून जातो. चूक बापाची होती, तशी माझीही होती.

असे का होते? वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. हाड तिथूनच वाढते. रोज तोच ताण पडला तर तिथे इजा होते. व्यायामाने बळ येते, पण ते अंगात मुरते विश्रांतीने आणि झोपेने. विश्रांती नसेल तर अंग झिजते, मन विटते. मन विटले की दूध-बदामाचा खुराकही कामाचा नाही.

मग काय करावे? खेळाचे डॉक्टर सोपा हिशेब सांगतात. मूल जितक्या वर्षांचे, आठवड्यात तितक्या तासांहून जास्त सराव नको. आठवड्यात निदान एक दिवस पुरी सुट्टी द्या. मूल सारखे थकते, चिडते, झोपत नाही, खेळायला टाळते, तर सराव थांबवा. डॉक्टरांना दाखवा. वजन उतरवायला त्याला उपाशी, तहानलेले ठेवू नका. हरले म्हणून मारू नका.

बापाने शिकवूच नये, असे नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचे पहिले धडे वडिलांकडेच शिकले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. अकराव्या वर्षी घाई कशाला?

आज रात्री आपल्या मुलाला, मुलीला जवळ बसवा. विचारा, "बाळा, तुला हा खेळ आवडतो का?" उत्तर काहीही येवो, रागावू नका. ऐकून घ्या.