विजेत्याचे स्वत्व : बाळू पाळवणकर आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे

राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जंजिऱ्यावर आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांचा अंमल तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकला, आणि १९४८ साली ते संस्थान विलीन होईपर्यंत मुरुड-श्रीवर्धनकडचे वतनदार, खोत आणि कारकून आपापल्या सनदा, इनामे व तंटे घेऊन ज्या दरबाराची पायरी चढत राहिले, त्या दरबाराच्या धन्याचे पूर्वज आफ्रिकेचे होते ही गोष्ट त्यांच्या मुजऱ्याच्या आड कधी आली नाही. पुढे पेशवेपदावर आरूढ झालेले बाळाजी विश्वनाथ भट यांच्या घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती, आणि तेही वतन सिद्दीच्याच अंमलाखालचे. याच जिल्ह्यात, सावित्रीच्या काठच्या महाडात, चवदार तळ्याचे पाणी परधर्मीयांना खुले होते आणि या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या अस्पृश्यांना मात्र निषिद्ध होते. या दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे समाजाचा तिरस्कार कातडीच्या रंगातूनच उपजतो ही समजूत टिकत नाही. ज्याला खाली ठेवण्याची सवय जडली आहे तो वर येऊ लागला की तिरस्कार जागा होतो, मग त्या खाली ठेवलेल्याची खूण रंग असो वा जात असो.

आणि वर येण्याचा सर्वांत उघड, सर्वांत निर्विवाद मार्ग म्हणजे खेळ. विद्वत्तेवर वाद घालता येतो, संपत्तीवर संशय घेता येतो. परंतु हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या नियमांनी जो प्रतिस्पर्ध्याला आडवा करतो, त्याचे श्रेष्ठत्व नाकारावे कसे? ते नाकारता आले नाही म्हणजे समाज आपली दृष्टी मैदानावरून काढून घेतो आणि त्या विजेत्याच्या घरात, लग्नात, देवघरात आणि मतपेटीत डोकावू लागतो. अमेरिकेत ज्यांच्या वाट्याला हे आले ते मुष्टियोद्धे होते. आपल्याकडे ते एका कोकणी घराण्यातील गोलंदाजाच्या वाट्याला आले, आणि त्याची कहाणी त्यांच्याइतकीच, किंबहुना माझ्या मते अधिक गुंतागुंतीची आहे.

टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनच्या जॅक जॉन्सनने २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सचा पराभव करून हेवीवेट अजिंक्यपद मिळवले, तेव्हा ते पद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. त्याच्या आधी जॉन एल. सलिव्हनसारखे विजेते कृष्णवर्णीयांशी लढायलाच नकार देत आणि त्या नकाराला प्रतिष्ठेचे नाव देत. जॉन्सनला खाली खेचण्यासाठी निवृत्त जेम्स जेफ्रीजला पुन्हा आखाड्यात आणण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेव्हाडातील रीनो येथे तो पंधराव्या फेरीत हरला, आणि त्या रात्री अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले होऊन माणसे मारली गेली. १९१२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने मुष्टियुद्धांच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी घालणारा कायदाच केला.

परंतु जॉन्सनचा खरा अपराध त्याच्या मुठीत नव्हता. त्याने गोऱ्या स्त्रियांशी विवाह केले, आणि ते लपवले नाहीत. १९१२ च्या डिसेंबरात त्याने ल्यूसिल कॅमेरॉनशी लग्न केले, त्याच महिन्यात जॉर्जियाच्या रॉडनबेरी नावाच्या प्रतिनिधीने असे विवाह देशभर निषिद्ध करण्यासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. स्त्रियांच्या अनैतिक व्यापाराला आळा घालण्याकरिता १९१० साली झालेला कायदा त्याच्यावर लावण्यात आला. सर्व गोऱ्या ज्यूरीने १९१३ साली त्याला दोषी ठरवले, आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा चुकवून तो देशाबाहेर निघून गेला. १९१५ साली हवाना येथे तो अजिंक्यपद हरला, १९२० साली परत येऊन शिक्षा भोगून मोकळा झाला, आणि त्याला क्षमापत्र मिळाले ते २०१८ साली, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. जॉन्सनचा निषेध केवळ गोऱ्यांनी केला नाही, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासारख्या कृष्णवर्णीयांच्या थोर पुढाऱ्यानेही त्याच्या वर्तनाची निंदा केली, कारण एका माणसाच्या स्वैर आयुष्याची किंमत साऱ्या जमातीला मोजावी लागते असे त्यांना वाटत होते. ते वाटणे निराधार नव्हते. तरीसुद्धा ज्याला मैदानात जमातीचा प्रतिनिधी म्हणून खांद्यावर घेतले, त्याला घरात जाऊनही प्रतिनिधीच राहा असे बजावण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचतो, हा प्रश्न उरतोच.

१९११ च्या शरद ऋतूत जॉन्सनची लढत लंडनमध्ये इंग्रज योद्धा बिली वेल्स याच्याशी ठरली होती. धर्मोपदेशकांनी आणि साम्राज्याच्या प्रतिष्ठेची चिंता वाहणाऱ्यांनी गहजब केला आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती लढत बेकायदेशीर ठरवली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये खेळत होता, आणि त्या संघातील पस्तीस वर्षांचा डावखुरा फिरकी गोलंदाज काउंटी संघांचे बळी एकामागून एक घेत होता. संघाने २३ सामन्यांपैकी केवळ ६ जिंकले, पण या एका गोलंदाजाने दौऱ्यात ११४ बळी मिळवले. त्याचे नाव बाळू पाळवणकर. घराणे मूळचे रत्नागिरीकडच्या पाळवणचे, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला.

कोकणातील अस्पृश्य कुटुंबांना लष्कराच्या चाकरीने गावकीच्या बाहेरचे जग दाखवले, हा आपल्या सामाजिक इतिहासातील अत्यंत महत्त्वाचा धागा आहे. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे सावित्रीपलीकडच्या मंडणगड तालुक्यातले, आणि त्यांचेही वडील लष्करातलेच. बाळू आणि त्यांचे भाऊ पुण्याच्या लष्करी वस्तीत अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर खेळायला शिकले. पुढे बाळू दरमहा तीन रुपयांवर पारशांच्या क्लबात मैदान झाडण्या-रोलण्याच्या कामाला लागले आणि तेथून दरमहा चार रुपयांवर युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे सरावाच्या जाळ्यात ते साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. कॅप्टन ग्रेग यांना बाद केले की आठ आणे मिळत, असे सांगतात. फलंदाजी मात्र त्यांना करू दिली जात नसे. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, आणि बॅट धरणे हा मालकाचा मान. ही वाटणी कोणत्या शास्त्रात लिहिलेली नव्हती, पण साहेबाला आणि एतद्देशीयाला ती सारखीच पटली होती.

साहेबांविरुद्ध जिंकायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाच्या ध्यानात आले, आणि बऱ्याच वादानंतर त्यांना संघात घेण्यात आले. संघात घेतले म्हणजे कोठवर घेतले, हे चहाच्या सुट्टीत कळे. इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना तो पॅव्हिलियनच्या बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हातपाय धुण्यासाठी पाणी आणून देणारा नोकरही अस्पृश्यच. त्याच हाताने टाकलेला चेंडू स्लिपमध्ये उभा असलेला सवर्ण सहकारी झेलत असे, आणि बळी मिळाला म्हणजे सारा संघ आनंदाने नाचत असे. चेंडूला विटाळ लागत नव्हता, तो लागत होता तो फक्त कपाला.

१८९६ साली प्लेगमुळे मुंबईला आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, आणि १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले तेव्हा त्या विजयाचा मोठा वाटा त्यांच्या डाव्या हाताचा होता. मातीचे भांडे तोवर बरेचसे मागे पडले होते. कर्णधारपद मात्र त्यांना कधीही मिळाले नाही. १९२० साली त्यांना वगळून आणि त्यांचे भाऊ विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्क डावलून संघ ठरला, तेव्हा विठ्ठल आणि दुसरे भाऊ शिवराम निषेधार्थ संघाबाहेर पडले. त्यांच्या निषेधाला लोकमताने उचलून धरले. बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले, आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांचे १९४८ साली प्रसिद्ध झालेले ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठी वाचकाने मिळवून वाचावे, कारण खेळाडूने स्वतःच्या शब्दांत सांगितलेला हा इतिहास आपल्या भाषेत विरळा आहे.

विठ्ठल कर्णधार झाले त्यानंतर चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. ठराव दफ्तरात पडून राहिला. सत्याग्रहानंतर परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, आणि तळे १०८ घागरी पंचगव्याने शुद्ध करून घेण्यात आले. पुढे आंबेडकर आणि बाळू यांचे मार्ग ज्या ठिकाणी फुटले, त्याचे मूळ मला या दोन घटनांत दिसते. एकाने पंचवीस वर्षांत हिंदू समाजाला मातीच्या भांड्यापासून कर्णधारपदापर्यंत, अडखळत का होईना, येताना पाहिले होते. दुसऱ्याने कायदेशीर ठराव हाती असताना पाण्याच्या ओंजळीवर डोकी फुटताना पाहिली होती. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांविरुद्ध त्यांनाच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

या एका उमेदवारीने बाळूंचे नाव दोन्हीकडून पुसले गेले. ज्यांच्यासाठी ते उभे राहिले त्या काँग्रेसला निवडणुकीनंतर त्यांची गरज उरली नाही. ज्या दलित समाजाने तरुणपणी त्यांना आपले पहिले वीर मानले होते, त्याच्या स्मृतीत ते बाबासाहेबांविरुद्ध लढलेला माणूस एवढेच राहिले. अमेरिकेतही विजेत्याची पारख अशीच मैदानाबाहेरच्या निवडीवरून होत होती. जो लुई १९३७ सालीच अजिंक्यवीर झाला. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र निघू द्यायचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे हर्ष दाखवायचा नाही, असे दंडक त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला घालून दिले होते, आणि ते पाळल्यामुळे तो साऱ्या देशाचा लाडका झाला. १९३८ साली त्याने जर्मनीच्या श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवले, तेव्हा गोऱ्यांनीही जयघोष केला. १९६४ साली कॅशियस क्लेने अजिंक्यपद मिळवताच इस्लामी संघटनेशी आपले नाते जाहीर केले व पुढे मुहम्मद अली हे नाव धारण केले. त्याला जुन्या नावानेच पुकारण्याचा हट्ट वर्तमानपत्रांनी आणि फ्लॉइड पॅटरसनसारख्या कृष्णवर्णीय माजी विजेत्यानेही धरला, आणि जो लुईनेही अलीवर टीका केली. व्हिएतनामच्या युद्धासाठी भरती व्हायला अलीने २८ एप्रिल १९६७ रोजी नकार दिला. पद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती १९७१ साली. त्याला दोषी ठरवले त्याच जून महिन्यात, १९६७ साली, त्याच न्यायालयाने भिन्नवर्णीय विवाहांवरील बंदी घटनाबाह्य ठरवली होती.

लुईला आज्ञाधारक आणि अलीला बंडखोर म्हणून दोन खणांत टाकून मोकळे होण्याची जी सवय पडली आहे, तीच आपण बाळूंना लावतो आणि त्यांना गांधीपक्षाचे प्यादे ठरवतो. हा मला त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. आंबेडकरांचे निदान खरे होते असे मी मानतो, महाडचा माणूस याहून वेगळे मानूच शकणार नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला खरा, पण साधे पाणी भरण्याच्या हक्काकरिता दहा वर्षे दावा चालवावा लागला, यातच ते निदान सिद्ध झाले. तथापि ज्या माणसाने चार रुपयांच्या चाकरीपासून स्वतःच्या बोटांच्या कसबावर जागा मिळवली, त्याने आपल्या अनुभवावरून आपला निष्कर्ष काढला, आणि तो निष्कर्ष आपल्या समाजातील सर्वांत थोर पुरुषाच्या विरुद्ध असतानाही जाहीरपणे मांडला. जॉन्सनने कोणाशी लग्न करावे, अलीने कोणाची प्रार्थना करावी, हे ठरवण्याचा अधिकार आपण आज त्यांना निःशंकपणे देतो. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन पावलेल्या बाळू पाळवणकरांना मत चुकण्याचा तोच अधिकार देऊन त्यांचे चरित्र लिहिले जावे, आणि त्यात इंग्लंडच्या ११४ बळींइतकीच जागा १९३७ च्या त्या ११,२२५ मतांना मिळावी, ही माझी मागणी आहे.