सुधारकांचे साम्राज्य

अमेरिकेच्या हाती वसाहती आल्या त्या १८९८ साली, अवघ्या काही महिन्यांत. क्यूबात स्पेनच्या राजवटीविरुद्ध बंड पेटलेले होते. फेब्रुवारीत हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. स्फोटाचे कारण पक्के कळलेले नव्हते, पण न्यूयॉर्कच्या खपाऊ वर्तमानपत्रांनी स्पेनला गुन्हेगार ठरवून टाकले. एप्रिलमध्ये युद्ध पुकारले गेले. १ मे रोजी कमोडोर ड्यूईने मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार एका सकाळीत निकालात काढले, आणि ऑगस्टमध्ये लढाई थांबलीही. डिसेंबरात पॅरिसला झालेल्या तहात पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला मिळाले. फिलिपिन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर मोजण्यात आले. हवाई बेटे त्याच वर्षी खालसा झाली. तिथल्या राणी लिलिउओकलानी यांना ऊसमळेवाल्यांच्या गटाने १८९३ मध्येच गादीवरून खाली खेचले होते.

फिलिपिनो लोकांना या सौद्यात कोणी विचारले नव्हते. एमिलिओ आगिनाल्दो यांनी १२ जून १८९८ रोजीच स्वातंत्र्याची घोषणा केली होती. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांच्या फौजा आणि अमेरिकी सैन्य यांच्यात युद्ध जुंपले. अमेरिकेचे चार हजारांवर सैनिक त्यात मेले. फिलिपिनो सैनिक सुमारे वीस हजार पडले, आणि दुष्काळ, पटकी व जाळपोळ यांत दगावलेल्या सामान्य माणसांचा आकडा दोन लाखांच्या घरात धरला जातो. कैद्याला उताणे पाडून त्याच्या घशात पाणी ओतत राहायचे, या छळाच्या हकिकती सैनिकांच्या पत्रांतून अमेरिकेत पोचल्या आणि १९०२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्षी झाल्या. साम्राज्यविरोधी संघात मार्क ट्वेन, पोलादसम्राट कार्नेगी, समाजसेविका जेन अ‍ॅडम्स अशी एरवी एका पंगतीत न बसणारी माणसे एकत्र आली. विरोध करणारे सगळेच उदार मनाचे होते असे मात्र नाही. दक्षिणेतल्या कित्येक सिनेटरांना नवी बेटे नको होती, कारण त्यांना आपल्या प्रजासत्ताकात आणखी सावळी माणसे नको होती.

आल्बर्ट बेव्हरिज हा इंडियानाचा तरुण रिपब्लिकन सिनेटर साम्राज्याच्या बाजूचा. फिलिपिन्स स्वतः पाहून आलेल्या या गृहस्थाने जानेवारी १९०० मध्ये सिनेटमध्ये गाजलेले भाषण केले. ही बेटे कायमची आपली आहेत, त्यांच्या पलीकडे चीनची बाजारपेठ आहे, आणि तिथले लोक स्वतःचे राज्य चालवण्यास लायक नाहीत, असा त्याचा सूर होता. हाच बेव्हरिज पुढे बालमजुरीबंदीचे विधेयक घेऊन सिनेटमध्ये तीन दिवस बोलला आणि मांसतपासणीचा कायदा मांडण्यात पुढे राहिला. यात त्याला स्वतःला कसलीच विसंगती दिसली नाही. ती का दिसली नाही हे कळले, की हा सगळा काळ उलगडतो.

अमेरिकेची शहरे तेव्हा कारखान्यांनी आणि नव्याने आलेल्या परदेशी मजुरांनी फुगली होती. तेल, पोलाद, रेल्वे, मांस असे एकेक क्षेत्र मूठभर कंपन्यांच्या ताब्यात होते आणि नगरपालिका पक्षांच्या दलालांच्या खिशात होत्या. सप्टेंबर १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि क्यूबाच्या युद्धात स्वतः लढलेले थिओडोर रूझवेल्ट ४२ व्या वर्षी अध्यक्ष झाले. त्याच सुमारास ‘मॅक्ल्युअर्स’ या मासिकात आयडा टारबेल यांनी रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलची कुंडली कागदपत्रांनिशी मांडायला सुरुवात केली. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी फोडली.

मांसाची कथा मात्र थेट युद्धापासून सुरू होते. १८९८ च्या युद्धात गोळीने मेले त्यांच्या कित्येक पट सैनिक रोगराईने गेले. फौजेला पुरवलेले मांस रसायने घालून टिकवलेले होते, असा आरोप खुद्द सेनापती माइल्स यांनी केला. चौकशी झाली, आणि कंपन्या सुटल्या. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या मजुरांचे हाल दाखवावेत हा त्यांचा हेतू. वाचकांनी पाहिले ते आपल्या ताटातले मांस. रूझवेल्ट यांनी आपली माणसे पाठवून खात्री करून घेतली आणि ३० जूनला मांसतपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. तपासणीचा खर्च कंपन्यांनी सोसावा आणि डब्यावर तारीख असावी, असा बेव्हरिजचा आग्रह होता. दोन्ही कलमे गळाली आणि खर्च सरकारी तिजोरीवर पडला. मजुरांच्या पदरात फारसे काही पडले नाही.

सुधारकांची श्रद्धा होती ती जाणकारांच्या कारभारावर: डॉक्टर, अभियंते, शिक्षक यांच्या हाती सूत्रे द्या, घाण आणि अज्ञान हटेल. वसाहतीत ही श्रद्धा अमलात आणणे उलट सोपे होते, कारण तिथे मते मागायची नव्हती. पिवळा ताप डासांमुळे होतो हे क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या प्रयोगांनी ते १९०० मध्ये सिद्ध झाले. मग त्यांचेच सहव्यवसायी विल्यम गॉर्गस यांनी तेव्हा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात असलेल्या हवानात घरोघर माणसे धाडली. हौदांवर झाकणे आली, डबक्यांवर तेल ओतले गेले, रोग्यांच्या खोल्यांना जाळ्या लागल्या, ऐकले नाही तर दंड. वर्षभरात तापाचा जोर मोडला. हीच पद्धत पुढे पनामात वापरली गेली आणि १९१४ मध्ये कालवा खुला झाला. त्या कालव्यावर पगाराच्या दोन याद्या होत्या. गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या नाण्यांत पगार, वेस्ट इंडीजच्या काळ्या मजुरांना चांदीच्या. राहण्याच्या जागा, खाणावळी, पोस्टाच्या खिडक्यासुद्धा त्याच हिशेबाने वेगळ्या.

फिलिपिन्समध्ये १९०१ साली ‘थॉमस’ जहाजातून शेकडो अमेरिकी शिक्षक उतरले आणि शाळा इंग्रजीत सुरू झाल्या. नगररचनाकार डॅनियल बर्नहॅम यांनी १९०५ मध्ये मनिलाचा आराखडा केला आणि चार वर्षांनी शिकागोचा. वसाहतींच्या हक्कांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९०१ च्या निकालांत सोडवला, तो असा: ही बेटे अमेरिकेच्या मालकीची आहेत, पण राज्यघटना तिथे सगळीच्या सगळी लागू नाही.

१९१२ मध्ये रूझवेल्ट यांनी आपला वेगळा पुरोगामी पक्ष काढला. शिकागोच्या अधिवेशनात बीजभाषण केले बेव्हरिजनेच. जाहीरनाम्यात स्त्रियांना मताधिकार, बालमजुरीबंदी, कामगारांचा विमा अशी कलमे होती आणि वर्षाला दोन युद्धनौका बांधण्याचेही एक होते. रूझवेल्ट यांच्या नावाला अनुमोदन देणाऱ्यांत जेन अ‍ॅडम्स होत्या. त्या युद्धनौका गिळणे फार जड गेले, असे त्यांनी नंतर लिहिले. दक्षिणेतल्या काळ्या प्रतिनिधींना त्या अधिवेशनात बसू दिले गेले नाही.

निवडणूक जिंकली वुड्रो विल्सन यांनी. त्यांच्या काळात प्राप्तिकर, सिनेटरांची थेट निवडणूक, मध्यवर्ती बँक या सुधारणा मार्गी लागल्या. सरकारी कचेऱ्यांत काळ्या नोकरांना वेगळे बसवणेही वाढले आणि १९१५ मध्ये हैतीत सैन्य उतरले. १९१६ च्या कायद्याने फिलिपिन्सला स्थिर सरकार आल्यावर स्वातंत्र्य देण्याचे वचन मिळाले. ते पुरे व्हायला ४ जुलै १९४६ उजाडावे लागले. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले. त्या बेटावर राहून अध्यक्षासाठी मत मात्र त्यांना आजही देता येत नाही.