डावा पाय कुणाचा चुकला?

दोस्तांनो, आधी एक कोडं घालते.

साडेतीनशे मुलं दोन-दोनच्या रांगेत चालली आहेत. सगळ्यांत पुढे शाळेचा बँड. मोठा ड्रम ‘धम्म’ वाजला की प्रत्येकानं डावा पाय टाकायचा. प्रत्येक जण अगदी बरोबर ‘धम्म’लाच डावा पाय टाकतोय, एकही जण चुकत नाहीये. आणि तरीही पुढच्या मुलाचा डावा पाय जमिनीवर पडतो, त्याच क्षणी शेवटच्या मुलाचा उजवा पाय पडतो! कसं काय?

हे कोडं मला पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं सेलूच्या रस्त्यावर. त्यावरून आमच्या घरी बहीण-भावाची चांगलीच जुंपली होती, तेही सांगते.

सेलू म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं आमचं गाव. मोंढ्यात, म्हणजे बाजारात, कापसाच्या गाड्या येणारं. आमच्या मराठवाड्यातल्या मुलांची एक मजा आहे. तुमच्याकडे होतात त्यापेक्षा आमच्याकडे एक झेंडावंदन जास्त होतं! १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा आम्ही हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो. तिथून सुटका झाली १७ सप्टेंबर १९४८ला. म्हणून दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. मी सहावीत असताना त्या दिवसाच्या प्रभातफेरीसाठी शाळेच्या बँड पथकात माझं नाव लागलं.

ड्रम हातात येण्याआधी

मला वाटलं होतं, नाव लागलं की लगेच ड्रम मिळेल. छे! पहिले कितीतरी दिवस फक्त कदमताल. जागच्या जागी डावा, उजवा, डावा, उजवा. हातात नुसत्या काड्या, आणि वाजवायचं कशावर? वर्गातल्या लाकडी बाकावर. डाव्या हातानं दोन, उजव्या हातानं दोन. घरी आल्यावर मी ताटावर वाजवायचे, उशीवर वाजवायचे, गुडघ्यावर वाजवायचे. उशीवर वाजवणं सगळ्यांत अवघड, कारण उशी काडीला उसळी देत नाही. ड्रम मात्र देतो. ताणलेलं पान काडीला परत वर फेकतं. चांगला वाजवणारा काडी नुसती मारत नाही, परत येणारी काडी अलगद झेलतो.

मग एके दिवशी साइड ड्रम गळ्यात पडला. हो, ‘साइड’ ड्रम, कारण तो पट्ट्यानं एका बाजूला, डाव्या मांडीजवळ लटकतो. चालताना पाय त्याला लागू नये म्हणून असा. पण लटकला की तो तिरका होतो, आणि तिरक्या ड्रमवर दोन्ही काड्या सारख्या धरता येत नाहीत. म्हणून उजवी काडी हातोडीसारखी धरायची आणि डावी तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात. माझ्या त्या बेचक्यात पहिल्याच आठवड्यात फोड आला. आईनं हळद-तेल लावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रांगेत उभी.

ड्रमच्या पोटाखाली मी पहिल्यांदाच वाकून पाहिलं, तर खालच्या पानाला चिकटून बारीक तारा ताणलेल्या! वरच्या पानावर काडी पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, ते थरथरतं आणि तारा त्याच्यावर आपटतात. म्हणून साइड ड्रमचा आवाज ‘ढम’ येत नाही, ‘तर्रर्र’ येतो. असा कुरकुरीत, टोकदार आवाज पावलांना फार सोयीचा. ठोका नेमका कधी पडला ते लगेच कळतं.

आमच्या लेझीम पथकात हलगी होती. तिचा आवाजही असाच टोकदार, पण कातडं ताणलेलं असेल तरच. सप्टेंबरच्या ओलसर सकाळी हलगीचं कातडं हवेतलं पाणी पिऊन सैल पडतं आणि ‘कडाड’ऐवजी ‘भद्द’ बोलतं. मग हलगीवाले काका तुराट्या पेटवायचे आणि त्या आचेवर हलगी शेकायचे. पाणी उडालं की कातडं पुन्हा ताणलं जातं, आवाज चढतो. आम्ही पोरं त्या जाळाभोवती उभी राहून ऐकायचो. टिचकी मारावी आणि प्रत्येक वेळी सूर थोडा वर गेलेला असावा!

पाय आधी, ठोका मागून

चालत वाजवायला लागल्यावर मला एक गंमत कळली. तुम्ही ‘धम्म’ ऐकून मग पाय उचललात, तर उशीर झालाच म्हणून समजा. आवाज ऐकून शरीर हलायला साधारण एका सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तोवर पुढचा मुलगा अर्धं पाऊल पुढे गेलेला!

मग सगळ्यांचे पाय एकदम कसे पडतात? कारण मेंदू ठोक्याची वाटच पाहत बसत नाही. दोन-चार ठोके ऐकले की पुढचा कधी येणार हे तो आधीच ताडतो आणि पायाला वेळेवर निरोप धाडतो. शास्त्रज्ञांनी माणसांना ठोक्याबरोबर बोटानं टिचकी मारायला लावून मोजलंय. बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं! पथकात चालताना हे अंगात भिनतं. मोजणं बंद होतं. डावा पाय आपोआप हवेत असतो आणि ठोका येऊन त्याला खाली बसवतो. शेजारचा, पुढचा, मागचा, सगळ्यांचा श्वास एका मापात येतो. दोस्तांनो, त्या क्षणी काय वाटतं सांगू? आपले दोन पाय आहेत हे विसरायला होतं. आपल्याला शंभर पाय आहेत असं वाटतं.

आणि मग भांडण झालं

त्या १७ सप्टेंबरला आम्ही असंच चाललो. बँड सगळ्यांत पुढे, मागे साडेतीनशे मुलं, लांबच लांब सरळ रस्ता. माझा धाकटा भाऊ सर्वांत शेवटच्या रांगेत होता. घरी आल्या-आल्या तो म्हणाला,

“ताई, तुमचंच चुकत होतं!”

“आमचं? आम्ही तर बँडवाले. आमचं कसं चुकेल?”

“मग धम्म ऐकू यायचं, तेव्हा ड्रमची काठी वर हवेत कशी दिसायची? आणि काठी खाली पडताना दिसायची, तेव्हा माझा उजवा पाय पडायचा. मी खोटं बोलायलो का?”

मी म्हटलं, “तुझा पाय चुकला असेल.” तो म्हणाला, “मी धम्मलाच डावा टाकत होतो.” आजी मधे पडली नसती, तर त्या दिवशी जेवण झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विज्ञानाच्या सरांकडे गेलो. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि भावाला विचारलं, “वीज चमकते आणि गडगडाट होतो. आधी काय कळतं?”

“चमक.”

“का?”

भाऊ गप्प. पण तुम्हाला माहीत आहे ना? उजेड एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो. म्हणून वीज चमकल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट आला, तर ती सुमारे एक किलोमीटरवर चमकली असं समजायचं.

सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. तुम्हीही मांडा.

आमची चाल मिनिटाला १२० पावलांची. सैन्याची तेज चालही एवढीच असते. म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. ‘धम्म’ फक्त डाव्या पायाला, म्हणजे दर सेकंदाला एकदा.

साडेतीनशे मुलं दोन-दोनच्या रांगेत, म्हणजे १७५ जोड्या. दोन जोड्यांत साधारण एक मीटर अंतर. म्हणजे रांगेची लांबी झाली १७० मीटरच्या आसपास.

आवाजाला १७० मीटर जायला किती वेळ लागेल? अर्धा सेकंद! बरोब्बर एक पाऊल!

ड्रमवर काठी पडली ते भावाच्या डोळ्यांना जवळजवळ त्याच क्षणी दिसलं. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा सरायच्या आत. पण ‘धम्म’ त्याच्या कानापर्यंत चालत चालत आला अर्ध्या सेकंदानं. तोवर काठी पुन्हा वर गेलेली होती आणि आमचा उजवा पाय पडत होता. भाऊ खरं बोलत होता. मीही खरं बोलत होते. साडेतीनशे मुलांमध्ये एकाचाही पाय चुकला नव्हता.

“मग मधल्या मुलांना कसं कळलं नाही?” मी विचारलं. सर म्हणाले, “तुझ्या मागच्या जोडीला आवाज कितीसा उशिरा पोचला? एका सेकंदाचा ३४०वा भाग. डोळ्यांना तेवढा फरक कळत नाही.” प्रत्येकाला वाटतं, मी शेजाऱ्याबरोबर अगदी बरोबर चाललोय. आणि खरोखरच बरोबर चाललेला असतो. पण इवले इवले उशीर साठत जातात आणि शेपटापर्यंत त्यांचं अख्खं पाऊल होतं. अशी रांग गच्चीवरून पाहिली, तर पावलांची लाट पुढून मागे सरकताना दिसते. गोम चालताना तिच्या पायांची लाट दिसते ना, तशीच!

मोठी पथकं काय करतात?

पुण्याचं ढोल-ताशा पथक पाहिलंय? रमणबाग, ज्ञानप्रबोधिनी अशा शाळांची पथकं तिथे नावाजलेली आहेत. कमरेला भरलेल्या दप्तरापेक्षा जड ढोल, एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. ताशा ढोलांना पुढे नेतो, कारण त्याचा टोकदार आवाज गर्दीतही वेगळा उठतो. पण एक ‘हात’ संपवून दुसरा सुरू करायचा, म्हणजे वाजवण्याचा प्रकार बदलायचा, तेव्हा नुसत्या कानावर भागत नाही. पुढचा वादक हात उंचावून खूण करतो आणि सगळ्यांचे डोळे तिकडे असतात. खूण उजेडाच्या वेगानं पोचते!

आषाढी वारीतली युक्ती आणखी साधी. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून, परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. वारीच्या लांबलचक वाटेवर प्रत्येक दिंडीला आपापला मृदंग असतो. त्यामुळे टाळ वाजवणाऱ्याला दूरच्या ठोक्याची वाट पाहावी लागत नाही. त्याचा ठोका त्याच्या जवळच असतो.

आणि अमेरिकेत ‘ड्रम कोअर’ नावाची तरुण मुलामुलींची पथकं असतात. ड्रम आणि पितळी वाद्यं घेऊन ती मैदानभर पसरतात, चालता चालता आकृत्या करतात. त्यांचं मैदान नव्वद मीटरहून लांब. या टोकाचा आवाज त्या टोकाला पाव सेकंद उशिरा! मग ती मुलं दोन गोष्टी शिकतात. एक, उंचावर उभ्या असलेल्या म्होरक्याच्या हातांकडे बघा. दुसरी, मागे ऐका. मागच्या ड्रमचा आवाज तुमच्या खांद्यावरून पुढे जाईल, तेव्हाच त्यात तुमचा सूर मिसळा. म्हणजे दोन्ही आवाज हातात हात घालून प्रेक्षकांपर्यंत जातात.

पुढच्या वर्षी आमच्या फेरीत सरांनी बँड रांगेच्या मधोमध ठेवला. आता आवाजाला दोन्हीकडे पंचाऐंशी मीटरच जायचं होतं. डोकं आणि शेपूट दोघांनाही ठोका पाव सेकंद उशिरा, म्हणजे दोघांचे पाय तरी एकमेकांशी जुळले! आणि मोठा ड्रम कुणाच्या गळ्यात होता माहीत आहे? माझ्या भावाच्या.

करून पाहा

मोकळं मैदान किंवा माळ शोधा. रस्त्यावर नको. मित्राला थाळी आणि लाकडी दांडका द्या. घड्याळ बघून त्यानं दर सेकंदाला एक ठोका द्यायचा, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मधे दांडका पूर्ण वर न्यायचा. आता त्याच्याकडे बघत बघत दूर जा. आवाज हळूहळू मागे पडत जाईल. जिथे आवाज ऐकू येताना दांडका अगदी वर दिसेल, तिथे थांबा. आवाजाला तिथवर यायला अर्धा सेकंद लागला. अंतर मोजा, त्याची दुप्पट करा. झाला तुमचा आवाजाचा वेग! मैदान लहान असेल, तर सेकंदाला दोन ठोके द्या. मग निम्म्या अंतरावरच जमेल, आणि वेग काढायला अंतराची चौपट करावी लागेल.

आणि पुढच्या प्रभातफेरीला घरातलं कुणी गच्चीवर उभं असेल, तर त्यांना सांगून ठेवा: चेहरे नका बघू, पाय बघा. लाट दिसते का ते सांगा.