घरातील मासा आजारी पडतो तेव्हा

अष्टमंगलातील मीनयुगल आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आज मात्र अनेक जैन घरांत आणि पेढ्यांवर मासा वेगळ्याच रूपाने मंगल ठरला आहे. गल्ल्याशेजारी काचेची टाकी, तिच्यात आठ सोनेरी आणि एक काळा मासा, आणि त्यांच्यामुळे धंद्यात बरकत येते ही समजूत. ही समजूत आगमांतून आलेली नाही. ती चिनी फेंगशुईतून आपल्याकडे आली. तिचीच पुरवणी अशी की, टाकीतील मासा मेला तर घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले. मग दुःख करण्याचे कारणच उरत नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या जागी दुसरा मासा येतो.

या सोयीस्कर समजुतीखाली एक प्रश्न झाकला जातो. मरण्यापूर्वी काही दिवस तो मासा आजारी होता. त्या दिवसांत आपण काय केले?

ज्या गाईसाठी आपण पांजरपोळात देणगी देतो ती स्थलचर पंचेंद्रिय तिर्यंच. मासा जलचर पंचेंद्रिय तिर्यंच. इंद्रियांच्या गणनेत दोघांत भेद नाही. मुंबईचा पांजरपोळ 1834 साली सुरू झाला. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय चालते. आजारी जिवाला वेगळी, शांत जागा देऊन त्याची शुश्रूषा करावी, हा संस्कार आपल्या समाजाला नवा नाही. तो काचेच्या टाकीपर्यंत पोहोचलेला नाही, एवढेच.

आमच्या घरची गोष्ट

गेल्या चातुर्मासात हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. नातवाच्या वाढदिवसाला कोणीतरी दोन गोल्डफिश भेट दिले होते. त्यांना सोबत म्हणून सुनेने तिसरा आणला आणि थेट टाकीत सोडला. आठवड्याभरात त्या तिसऱ्याच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. तो खड्यांवर अंग घासू लागला, त्याचे पर अंगाला चिकटले, कल्ल्यांची उघडझाप वाढली. दोन दिवसांनी उरलेल्या दोघांच्या शेपटीवरही ठिपके आले. मासे विकणाऱ्याने सल्ला दिला, "शेठ, टाकून द्या. साठ रुपयांचा मासा, औषधच जास्त महाग पडेल."

व्यापारी माणसाला हा हिशेब चटकन पटतो. मलाही क्षणभर पटला. नातू मात्र म्हणाला, "दादाजी, आपण गाईची किंमत विचारून तिला पांजरपोळात पाठवतो का?" त्या प्रश्नापुढे साठ रुपयांचा हिशेब टिकला नाही.

रोग काय असतो

या रोगाला इंग्रजीत 'इक' किंवा 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढत असतो आणि तेथे औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. ही पिल्ले पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. उपचाराचा परिणाम होतो तो याच पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे समजून उपचार थांबवणाऱ्याच्या टाकीत रोग पुन्हा उभा राहतो.

मात्र माशाचे प्रत्येक आजारपण म्हणजे रोगजंतू नव्हेत. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. लहान टाकी, जास्त मासे आणि जास्त खाद्य असले की हा अमोनियाच विष होतो. म्हणून औषधाला हात लावण्यापूर्वी पाणी तपासावे. अमोनिया मोजण्याचे संच मत्स्यदुकानांत मिळतात. कित्येकदा स्वच्छ पाणी हेच पूर्ण औषध ठरते.

उपचाराची वेगळी टाकी

मुख्य टाकीत औषध ओतण्याचे टाळावे. अनेक औषधांनी पाणी शुद्ध ठेवणारे उपकारक जीवाणू मरतात, वनस्पती कोमेजतात, आणि तांबेयुक्त औषधाने गोगलगायी व कोळंबीही मरतात. शिवाय खडे आणि सजावट औषध शोषून घेतात, त्यामुळे मात्रेचा अंदाज राहत नाही. म्हणून मासेपालक 'हॉस्पिटल टँक' म्हणजे उपचाराची स्वतंत्र टाकी ठेवतात.

ती साधी असावी. तळ मोकळा, खडे नाहीत. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, हीटर, थर्मामीटर, वर झाकण. लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा किंवा पालथे मडके, कारण आजारी जिवाला आडोसा लागतो. प्रकाश मंद. फिल्टरमध्ये कोळसा असल्यास काढून ठेवावा, तो औषध शोषून घेतो. जुन्या फिल्टरमधील वापरता स्पंज येथे घातला तर उपकारक जीवाणूही सोबत येतात.

व्हाइट स्पॉटमध्ये एकच आजारी मासा हलवून भागत नाही. सगळ्या टाकीला लागण झालेली असते. आम्ही तिन्ही मासे उपचाराच्या टाकीत नेले आणि मुख्य टाकी तीन आठवडे, कोमट पाण्यासह, माशांविना चालू ठेवली. जाळी आणि बादली वेगळी ठेवली.

आता हिशेब, जो आपल्याला चांगला जमतो. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी व 1000 ने भागावे, लिटर मिळतात. आमच्या टाकीत 40 गुणिले 25 गुणिले 25, म्हणजे 25 लिटर पाणी होते. गोल्डफिश मीठ बऱ्यापैकी सोसतो. लिटरला 1 ग्रॅम याप्रमाणे पहिल्या दिवशी 25 ग्रॅम साधे खडे मीठ दुकानाच्या काट्यावर तोलून, पाण्यात विरघळवून घातले. असे तीन दिवस केल्यावर प्रमाण लिटरला 3 ग्रॅम झाले. पाण्याचे तापमान हळूहळू 28 अंशांपर्यंत नेले. उष्णतेने परजीवीचे चक्र वेगाने फिरते आणि तो पोहणाऱ्या अवस्थेत लवकर येतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पंप रात्रंदिवस चालू ठेवला.

रोज 8 लिटर पाणी बदलले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे थेंब टाकून, तापमान जुळवूनच नवे पाणी घातले. मीठ हवेत उडून जात नाही. म्हणून जेवढे पाणी काढले तेवढ्यापुरतेच, म्हणजे 24 ग्रॅम, पुन्हा घातले. येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. ज्यांच्याकडे मांगूरजातीचे किंवा खवले नसलेले मासे आहेत, त्यांनी हे प्रमाण वापरू नये. त्यांना मीठ सोसत नाही. मिठाने गुण आला नाही तर मॅलाकाइट ग्रीनसारखी औषधे आहेत. ती विषारी असल्याने हातमोजे घालून, पाकिटावरील मात्रेप्रमाणेच आणि शक्यतो मत्स्यरोगांची जाण असलेल्या पशुवैद्याला विचारून वापरावीत.

नातवाने जुन्या वहीत चार रकाने आखले: तापमान, मीठ, बदललेले पाणी, ठिपके. पहिले दोन दिवस खाद्य दिले नाही, नंतर चिमूटभर. त्याने विचारले, ही उपासमार नव्हे का? आजाऱ्याला लंघन देणे वेगळे आणि विसरून उपाशी ठेवणे वेगळे, हे त्याला समजावले. पण त्या निमित्ताने खाद्याचा डबा उलटून वाचला तेव्हा कळले की, त्यात माशांची भुकटी आहे. बाजारातील बहुतेक खाद्यांत ती असते. गोल्डफिश पालक आणि उकडलेला, साल काढलेला वाटाणाही खातो. काही मांसाहारी मासे तसे जगू शकत नाहीत. आणण्यापूर्वी हे आम्ही कोणीच वाचले नव्हते.

परजीवीचे काय?

सर्वांत अवघड प्रश्न मिठाच्या पहिल्या चिमटीला आला. माशाला वाचवताना आपण असंख्य सूक्ष्म जीव मारणार होतो. माझ्या मनाची तयारी होईना. उपाश्रयात विराजमान साध्वीजींना विचारले. सावद्य कार्याला साधुसाध्वी अनुमोदन देत नाहीत, हे मला ठाऊक होते. त्यांनी ते दिलेही नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "मासा घरी आणलात तेव्हा विचारायला आला होतात का?"

त्या वाक्याने प्रश्नाची जागाच बदलली. हिंसा मिठापासून सुरू झाली नव्हती. ती टाकी विकत घेतली तेव्हाच सुरू झाली होती. आपल्या आश्रयाला आणलेल्या पंचेंद्रिय जिवाला तडफडत सोडणे हा मार्ग नाही, आणि परजीवी मारण्यात काहीच दोष नाही असे म्हणणे प्रामाणिक नाही. श्रावकाच्या हाती उरते ती जयणा: पाणी तपासल्याशिवाय औषध नाही, गरजेपेक्षा मात्रा अधिक नाही, निष्काळजीपणाने उपचार अर्धवट सोडून तीच हिंसा दुसऱ्यांदा करायची नाही, आणि जे झाले त्याचे प्रतिक्रमण.

नववा दिवस उजाडला तेव्हा दोन माशांच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. आम्ही उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवला. तिसरा, ज्याच्यासोबत रोग आला होता, तो सहाव्या दिवशी पहाटे गेला. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप रात्रीपासून मंदावली होती. नातवाच्या आईने टाकीजवळ बसून नवकार म्हटला. त्याला शौचालयात न टाकता कुंडीतल्या मातीत पुरले. संकट त्याने स्वतःवर घेतले, असे त्या दिवशी घरात कोणी म्हणाले नाही. ते संकट आम्हीच त्याच्यावर आणले होते.

पुढे काय करावे

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला 'बंध' आहे, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणे. आणि शेवटचा अन्नपाणी रोखणे. काचेची टाकी या दोन्हींच्या फार जवळ आहे. लग्नासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिकुमारांनी रथ मागे फिरवला, ही कथा आपण मुलांना सांगतो. माशाचा आक्रोश ऐकू येत नाही, एवढाच फरक.

यावर कोणी म्हणेल की, मग पर्युषणात टाकीतले मासे तलावात सोडून अभयदान द्यावे. कृपया असे करू नये. टाकीतला मासा तेथे बहुधा जगत नाही. जगला तर त्याचे रोग आणि त्याची संतती तेथील माशांच्या मुळावर येते. शोभेसाठी आणलेले सकर मासे असेच सोडले गेल्याने देशातील अनेक जलाशयांत आज उपद्रवी ठरले आहेत. गाळलेल्या पाण्यातील जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत परत पोहोचवण्याची आपल्या पूर्वजांची रीत होती. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात मिसळू नयेत, ही समज त्या रीतीत होती.

म्हणून ज्यांच्या घरी मासे नाहीत त्यांनी ते आणू नयेत, भेट म्हणून देऊ नयेत. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ते शेवटपर्यंत नीट सांभाळावेत, पुरेसे मोठे पाणी द्यावे, आणि एक लहान रिकामी टाकी, स्पंज फिल्टर व थर्मामीटर घरात तयार ठेवावेत. खर्च फार नाही.

आमचे दोन्ही मासे आज मोठ्या टाकीत आहेत. ती बैठकीतून हलवून नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत ठेवली आहे. ते गेल्यावर टाकी रिकामी राहील, असे घरात ठरले आहे. वही मात्र चालू आहे. ठिपक्यांच्या रकान्यात तो रोज शून्य लिहितो.