प्रत आणि प्रतिबिंब

एके काळीं घरांतले मोलाचे कागद लाकडी पेटींत असत आणि पेटीची किल्ली आजीच्या कनवटीला. आज लग्नाचीं छायाचित्रें, मुलांचे पहिले बोल, दिवंगत वडिलांचा आवाज, हें सारें हातांतल्या मोबाइलमध्यें असतें. मोबाइल रिक्षांत राहिला किंवा पाण्यांत पडला, तर पैसे देऊन दुसरा आणतां येईल. पण वडिलांचा आवाज कोणत्या दुकानांत मिळावयाचा?

यावर पुष्कळांचें उत्तर ठरलेलें असतें: "आमचें सारें गूगल फोटोजमध्यें सुरक्षित आहे." हें उत्तर अर्धेंच खरें आहे.

एक तर, हें विनामूल्य ॲप छायाचित्रें व चलच्चित्रें तेवढींच जतन करतें. नुसतें ध्वनिमुद्रण त्यांत जात नाहीं. तें गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणीं आपण स्वतः चढवावें लागतें.

दुसरें, प्रत निराळी आणि प्रतिबिंब निराळें. आरशासमोरून वस्तु उचलली कीं प्रतिबिंबहि जातें. जागा मोकळी करण्यासाठीं गूगल फोटोजमधून एखादें छायाचित्र पुसलें, तर तें मोबाइलमधून जातें आणि दूरच्या साठ्यांतूनहि जातें. जतन झालेलें छायाचित्र तेथील कचरापेटींत ६० दिवस थांबतें. मग कायमचें नाहींसें होतें. केवळ मोबाइलमधील जागा रिकामी करावयाची असल्यास त्याच ॲपमध्यें 'फ्री अप स्पेस' ही निराळी सोय आहे.

'फुकट' या शब्दालाहि सीमा आहे. गूगलची १५ जीबीची विनामूल्य जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यांत वांटली जाते. १ जून २०२१ पूर्वी थोड्या आटोपशीर आकारांत चढविलेलीं छायाचित्रें या हिशेबांत धरलीं जात नसत. त्या दिवसापासून धरलीं जातात. जागा भरली कीं नवीं छायाचित्रें वर चढत नाहींत, आणि सूचनेकडे दुर्लक्ष झालें तर घरांत कोणास पत्ताहि लागत नाहीं.

मग करावें काय? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला एक सुटसुटीत नियम आहे: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत घराबाहेर. मोबाइल ही पहिली. दूरचा साठा ही दुसरी, ती आपोआप घराबाहेर असते. तिसरी दर महिन्यास हार्ड डिस्कवर उतरवावी आणि डिस्क सोडवून कपाटांत ठेवावी. मोबाइलवरील चूक तिच्यापर्यंत पोंचत नाहीं, म्हणून तीच खरी प्रत.

कुलपाविषयीं एक शब्द. व्हॉट्सॲपचा बॅकअप २०२१ पासून सांकेतिक कुलपांत ठेवतां येतो. परंतु त्यासाठीं संकेतशब्द निवडला, आणि मोबाइल हरवून तो शब्दहि विसरला, तर कंपनीलाहि तें कुलूप उघडतां येत नाहीं. म्हणून तो कागदावर लिहून घरांतील एका विश्वासू माणसापाशीं असावा.

शेवटीं, न तपासलेल्या प्रतीवर विसंबूं नये. आज रात्रीं मोबाइल बाजूस ठेवून, वडिलांचा आवाज दुसऱ्या साधनावर लावून पाहा. तो ऐकूं आला, तर निश्चिंत व्हा. नाहीं आला, तरी मूळ अजून आपल्या हातांत आहे. तें असेपर्यंतच प्रत काढतां येते.