खाडाखोड न चालणारी वही

हुपरीत आमच्या घरी पैंजणांचं काम. वडील कारागिराला चांदी देताना वहीत तारीख, नाव, वजन लिहीत. माल परत आला की पुन्हा वजन आणि घट. खाडाखोड त्यांना चालत नसे. आज मी व्यापाऱ्यांसाठी ऑर्डरचं वेब ॲप लिहितो आणि लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, कशी ठेवायची हे ठरवताना तीच वही डोळ्यांपुढे येते.

कोण कधी शिरलं, कुणाचं लॉगिन फसलं, दर कुणी बदलला, हे लिहायचंच. पासवर्ड, ओटीपी मात्र कधीच नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरच्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे साठल्याचं निघालं आणि सगळ्या वापरकर्त्यांना ते बदलायला सांगावं लागलं. डिसेंबर २०२१ मध्ये तर लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे या जावा लायब्ररीतच भगदाड सापडलं: बाहेरच्या माणसाने पाठवलेला विशिष्ट मजकूर नोंदवला गेला, की त्याचा कोड सर्व्हरवर चालू शकत होता. तेव्हापासून मी साधी, वेळेवर दुरुस्त होणारी लायब्ररीच घेतो.

नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवतो. तिथे भर घालता येते, खोडता येत नाही. कारण घुसखोर आधी स्वतःच्याच खुणा पुसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात. वडिलांच्या वह्या अजून कपाटात आहेत.